जुना रंग काढताना…

श्रावण उतरणीला लागला की आमच्या मराठवाड्यात घरोघरी एक ठरावीक आवाज सुरू होतो. खर्र… खर्र… खर्र! कुठं गोठ्यात बैलांची शिंगं साळणं चाललेलं असतं, कुठं ओसरीत बसून दाराचे पोपडे काढणं, तर कुठं माळ्यावरची ट्रंक, पाळणा, देवघराची चौकट अंगणात आणून पॉलिश पेपरनं घासणं. श्रावणी अमावास्येला पोळा आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत महालक्ष्म्या. दोन्ही सणांना रंग लागतोच लागतो. नांदेडला वजिराबादेत किंवा लातूरला गंजगोलाईत या दिवसांत रंगाच्या दुकानासमोर जरा उभं राहून बघा, डबा मागणाऱ्यांत बायका काही कमी नसतात. रंगारी या दिवसांत हाती लागत नाही. लागलाच तर त्याची मजुरी ऐकून आपणच पदर खोचून बसतो.

रंग कसा लावावा हे सांगायला सगळे तयार असतात. शेड कोणती, डबा किती लिटरचा, हात किती मारायचे… दुकानदारापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीला त्यातलं कळतं. पण जुना रंग काढायचा कसा, काढायचा की नाही, यावर कुणी बोलत नाही. ते काम म्हणजे बिनडोक घासाघीस, असाच सगळ्यांचा समज. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. बचत गटांच्या कामानं दोन्हीकडच्या गावांत माझं जाणं-येणं असतं. एवढ्या वर्षांत ही घासाघीस किती परींनी बघितली! आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, सणाच्या सगळ्या कामांत डोकं लागतं ते इथंच.

पहिली गोष्ट. बऱ्याच वेळा जुना रंग काढायची गरजच नसते. आपल्याला मात्र नवं करायचं म्हणजे जुनं मुळापासून उपटायचं असा उत्साह असतो. रंग घट्ट बसलेला असेल, फुगे नसतील, पोपडे सुटत नसतील, तर वरची चकाकी मोडेल एवढं ओल्या कागदानं घासायचं, पुसायचं, वाळवायचं आणि नवा हात मारायचा. झालं! रंग घट्ट आहे का नाही हे बघायला रंगाऱ्यांची एक सोपी युक्ती आहे. कोपऱ्यात ब्लेडनं छोटी फुली मारायची, तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंगाचे तुकडे चिकटून आले तर रंग काढायला हवा. पट्टी कोरी निघाली तर जुन्या रंगाला त्रास देऊ नका.

मग काढायचा केव्हा? पापुद्रे सुटत असतील तर, आणि थरावर थर चढून वस्तूचा आकारच बुजत असेल तर. हे दुसरं कारण महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना नेमकं लागू पडतं. दर दोन-तीन वर्षांनी आपण मुखवट्यांना रंगाचा हात देतो. नाकाची धार बोथट होते, ओठांची रेघ भरून येते, कानाच्या पाळीतली भोकं बुजतात. आजीच्या वेळची रेखीव ज्येष्ठा-कनिष्ठा नातसुनेच्या वेळेपर्यंत गुबगुबीत होऊन बसते!

औसा तालुक्यातल्या, किल्लारीजवळच्या एका गावातल्या मुखवट्यांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. महालक्ष्म्या उठवून तर जेमतेम आठवडा झाला होता. या घरातले पितळी मुखवटे लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले. वाडा पडला. थोरली जाऊ गेली. ढिगाऱ्यातून ट्रंक निघाली ती चेपलेली, पण आतले मुखवटे शाबूत. पुढं नव्या गावठाणात सरकारी घर मिळालं, आणि दरवर्षी त्याच मुखवट्यांच्या महालक्ष्म्या बसू लागल्या.

मुखवट्यांचे डोळे त्या गेलेल्या जावेनं रंगवलेले होते. तिचा हात म्हणे फार चांगला होता. म्हणून धाकट्या जावेनं, म्हणजे आताच्या सासूबाईंनी, एक नियम केला : चेहऱ्याला रंग द्यायचा, डोळ्यांना हात लावायचा नाही. इतक्या वर्षांत गालावर, कपाळावर, नाकावर थर चढत गेले आणि डोळे तेवढे तळाशी राहिले. मी पहिल्यांदा ते मुखवटे बघितले तेव्हा चरकलेच. डोळे खोल गेलेले, जसं आजारी माणसाचे जातात तसे. वरून कपाळावरचा रंग सुटायला लागलेला. सून बीए झालेली, हौशी. तिला सगळं काढून, पितळ उजळून नव्यानं रंगवायचं होतं. सासूबाई एकच वाक्य धरून बसल्या होत्या, ‘‘डोळे गेले तर माय, तिचं काय राहिलं मग माज्यापाशी?’’

दोघींचंही खरं होतं. तसंच ठेवलं असतं तर कपाळाच्या रंगाबरोबर एक ना एक दिवस डोळ्यांच्या कडाही सुटल्या असत्या. सगळंच सोड्यात बुडवलं असतं तर डोळे त्याच दिवशी गेले असते. मधला रस्ता वेळखाऊ होता. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून दाटसर लगदा केला. तो सुती कापडाच्या पट्ट्यांना लावून गाल, कपाळ, हनुवटी अशा एकेका जागी ठेवायचा. डोळ्यांच्या भोवती बोटभर जागा कोरडी सोडायची. दोन-तीन तासांनी पट्टी काढायची आणि मऊ झालेला रंग बांबूच्या चपट्या काडीनं उचलायचा. चाकू नाही, तारेची घासणी तर मुळीच नाही. पितळेवर एकदा ओरखडा गेला की तो जन्माचा. मग ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा पट्टी. एका मुखवट्याला चार दिवस लागले. गुलाबी निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा गुलाबी, मग एक फिकट लिंबू रंग. तो शेवटचा थर डोळ्यांच्या बरोबरीचा, थोरल्या जावेच्या हातचाच. सुनेनं तो ओळखला आणि काडी खाली ठेवली. पितळ उजळायचा विचार तिनं आपणहून सोडला. डोळ्यांभोवतीचा बोटभर भाग शेवटी अगदी बारीक ओल्या वॉटर पेपरच्या तुकड्यानं, नखाएवढ्या जागेत, समपातळीला आणला. कनिष्ठेच्या डाव्या डोळ्याची शेपटी तेवढी थोडी गेली. सासूबाईंनी बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘असू दे. ती पण जराशी तिरळीच काढायची.’’

थर काढताना कुठं थांबायचं हा प्रश्न मोठ्या देवस्थानांनाही पडतो. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीचं मंदिर पावसाळ्यात दीड महिना दर्शनासाठी बंद ठेवून मूर्तीवरचा शेंदराचा लेप काढला, तेव्हा हजार किलोहून जास्त शेंदूर निघाला. खालून देवीचं मूळ रूप समोर आलं आणि लोक बघतच राहिले. तिथं जाणकारांच्या देखरेखीखाली काम झालं. आपल्या घरी देखरेख करणारी आपणच. म्हणून सुरू करण्याआधी एवढं तरी बघा की खाली आहे काय. मुखवटा शाडूचा असेल तर पाण्याचा थेंबही लावायचा नाही. भाजलेली नसल्यामुळे ती माती पाण्यात विरघळते. तिथं मऊ कोरडा ब्रश, आणि सुटेल तेवढंच काढायचं. प्लॅस्टरचा असेल तर तो पाणी पितो, मऊ पडतो, कडा झडतात. तिथंही भिजत घालणं नको. पितळेचा असेल तर वर सांगितलं तसं करा. आणि हो, चिंच-मिठानं पितळ उजळतं, पण त्यानं रंग निघत नाही. काही जणी तासन्‌तास चिंच चोळत बसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता, रंग रॉकेलनं का निघत नाही हे विचारणाऱ्याही पुष्कळ भेटतात. ‘‘ताई, हाताला लागलेला तर निघतो की!’’ हाताला लागलेला ओला असतो म्हणून निघतो, बाई. ऑइलपेंटमधलं ‘ऑइल’ म्हणजे मुळात आपलं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. शेंगदाण्याचं तेल वाटीत वर्षभर ठेवलं तरी पातळच राहतं. जवसाचं तेल पातळ पसरलं की हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि कातड्यासारखं घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की परत तेल होत नाही. आताच्या डब्यांत नुसतं तेल नसतं, राळ मिसळलेली असते, पण वाळण्याची रीत तीच. म्हणून वाळलेल्या रंगावर रॉकेल, टर्पेंटाइन काही चालत नाही. (याच गुणामुळे जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटू शकतात. उघडे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.)

सोडा चालतो, कारण तो त्या तेलाचा साबण करतो. धुण्याचा सोडा हळूहळू करतो, कॉस्टिक सोडा झपाट्यानं करतो. कॉस्टिक म्हणजे साबण करायला वापरतात तो. मला तो घरात आणायला आवडत नाही. रंग विरघळवतो तशी कातडीही विरघळवतो. डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. वापरायचाच झाला तर रबरी हातमोजे आणि चश्मा हवाच, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भगुण्यात तर कालवूच नये, भगुणंच खातो. सागवानी दाराला लावला तर लाकूड काळं पडतं आणि मग कितीही पॉलिश करा, ते डाग वर येतातच. सोडा कुठलाही असो, नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन वस्तू पुरती वाळवायची. आत सोडा राहिला की नवा रंग सहा महिन्यांत सुटतो आणि दोष जातो दुकानदारावर.

दुकानात तयार रिमूव्हरही मिळतो. लावला की दहा मिनिटांत रंग सुरकुततो, जादूच वाटते. मात्र आपण घेतलेल्या डब्यावर ‘मिथिलीन क्लोराइड’ किंवा ‘डायक्लोरोमिथेन’ हे शब्द आहेत का ते बघा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साठते, म्हणजे आपण जिथं बसून काम करतो तिथंच. शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो, बंद खोलीत शेगडी ठेवल्यावर होतो तोच वायू. अमेरिकेत बाथरूममधले जुने टब खरवडणारे कामगार असे गुदमरून गेले. २०१९ मध्ये तिथं हे रिमूव्हर घरगुती गिऱ्हाइकाला विकायला बंदी आली. तेव्हा बंद खोली, बाथरूम, माळा इथं ते काम नको. ब्लोलँपनं दार भाजून रंग काढणारे रंगारीही आहेत. जुन्या रंगावर तेही नको. का नको, ते पुढं येतंच.

लोहा तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटातल्या एका मुलीचा दोन वर्षांचा मुलगा सारखा कुरकुर करायचा. पोट दुखतं म्हणून रडायचा, तीन-तीन दिवस शौचाला होत नसे. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, लोहाचं सिरप महिनोन्‌महिने चालू होतं, तरी रक्त काही वाढेना. शेवटी नांदेडच्या एका बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, ‘‘हा माती, चुना, भिंतीचे पोपडे असलं काही खातो का?’’ खात होता! खिडकीच्या चौकटीचे पिवळे पोपडे तो नखानं काढून तोंडात टाकायचा. शिशाच्या रंगाला किंचित गोडसर चव असते, असं म्हणतात. रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी ते कुठून येतं ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता.

डॉक्टरांनी पुढं आणखी विचारलं तेव्हा कळलं की नुसती खिडकी नव्हे. आदल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी घरातली सगळी दारं-खिडक्या सासू-सुनेनं मिळून कोरड्या पॉलिश पेपरनं घासली होती. चार दिवस घरभर पिवळी धूळ. झाडूनं झाडली, ती पुन्हा उडाली, पुन्हा बसली. बाळ तेव्हा रांगत होतं. फरशीवर हात, तोच हात तोंडात. ‘‘मी तर सणासाठी घर साफ करायले होते, ताई,’’ ती मला म्हणाली. यावर मी काय बोलणार?

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं मिसळायचे. रंग लवकर वाळावा, टिकावा, आणि पिवळा-नारिंगी भडक दिसावा म्हणून. भडक पिवळ्यात लेड क्रोमेट असायचं. शेंदूर म्हणजे तर मुळात शिशाचीच भुकटी. लोखंडी फाटकाला लावायचं जुनं नारिंगी अस्तर तेच. शिसं शरीरात गेलं की ते लोह आणि कॅल्शियमची जागा बळकावतं. म्हणून ज्या लेकराच्या अंगात रक्त कमी, त्याच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं. आपल्याकडं रक्त कमी नसलेली लेकरं आणि बायका किती, हे अंगणवाडीताईंना विचारा. बाईच्या हाडांत साठलेलं शिसं पोटुशी असताना पुन्हा रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत जातं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो तो पुसता येत नाही. २०२० मध्ये युनिसेफच्या अहवालात आलं होतं की जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात हे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. बॅटऱ्या, भांडी, मसाले अशी त्याची कारणं पुष्कळ आहेत. आपल्या हातातलं एक म्हणजे जुना रंग.

आपल्या देशात २०१६ मध्ये नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं घालायला बंदी आली. म्हणजे त्याच्या आधी रंगवलेलं दार, पाळणा, झोका, खिडकी, फाटक यांच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं असंच धरून चालायचं. घाबरून जायचं कारण नाही. घट्ट बसलेला रंग काही करत नाही. त्याच्यावर नवा हात मारला तर तो आत बंदच राहतो. त्रास सुरू होतो तो खरवडण्यानं उडणाऱ्या धुळीनं आणि भाजण्यानं निघणाऱ्या वाफेनं. म्हणूनच वर म्हटलं, गरज नसेल तर काढू नका, आणि ब्लोलँप नको.

काढायचाच असेल तर पाणी हे पहिलं हत्यार. स्प्रेच्या बाटलीनं आधी जागा भिजवायची, मग पट्टीनं खरवडायचं, घासायचं तेही वॉटर पेपरनं, ओलंच. काम अंगणात, खाली जुनं प्लॅस्टिक पसरून. घरातली लेकरं आणि गरोदर सून-लेक त्या दिवशी शेजारी पाठवून द्यायची. नाकातोंडावर पदर बांधून भागत नाही, बारीक धूळ पदरातून आरपार जाते. औषधाच्या दुकानात एन-९५ मास्क मिळतो, करोनापासून सगळ्यांना माहीत झाला आहे, तो घ्या. झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं बदलून दोनदा. कपडे वेगळे धुवायचे. आणि कणकेला हात लावायच्या आधी साबणानं हात, नखांच्या आतूनसुद्धा.

त्या लेकराचं पुढं काय झालं ते सांगते. खिडकीच्या चौकटी ओल्या करून काढल्या, घर दोनदा पुसलं, लोह-कॅल्शियम चालू ठेवलं. चार-सहा महिन्यांत आकडा उतरत गेला. आता तो अंगणवाडीत जातो. बोलायला उशिरा लागला. ते यामुळेच का, हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

आता जरा गोठ्याकडं वळू. पोळ्याचं काम पुरुषांचं असं म्हणतात, पण खांदेमळणीला लोणी-हळद काढून देण्यापासून पुरणाचा घास भरवण्यापर्यंत बायकांशिवाय काही हलत नाही, आणि गव्हाणही आपणच झाडतो. आमच्या नांदेडकडं लाल कंधारी, लातूर-उदगीरकडं पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची देवणी. दोन्ही जातिवंत, देखण्या. त्यांच्या शिंगांवर गेल्या वर्षीचा ऑइलपेंट अर्धा उडालेला, अर्धा चिकटलेला असतो. तो काचेच्या तुकड्यानं नाहीतर ब्लेडनं खरवडायचा, शिंग साळून गुळगुळीत करायचं, मग नवा लाल-हिरवा रंग, बेगड, टोकाला पितळी शेंब्या.

शिंग म्हणजे बाहेरून आपल्या नखासारखं, पण आत जिवंत हाड आणि रक्त. जास्त साळलं की बैल डोकं झटकतो तो खोडीनं नव्हे, दुखतं म्हणून. आपल्या देशी बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. ऊन, दोरीचा आणि जुवाचा सततचा घसारा, शिंग साळणं, रंग देणं, अशी त्याची वेगवेगळी कारणं जनावरांचे डॉक्टर सांगतात. बैल एका बाजूला मान तिरपी धरायला लागला, शिंग खांबाला घासायला लागला, एका नाकपुडीतून रक्ताळ पाणी यायला लागलं, शिंग मुळाशी हलायला लागलं, तर वाट बघू नका. वेळेत दाखवलं तर शिंग काढून बैल वाचवता येतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे.

आणि खरवडलेला रंग पडतो कुठं? गव्हाणीत! गाय-बैल रंगाचे पोपडे चाटून खातात, त्यांना ती चव आवडते. शिशाच्या विषबाधेनं जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, दात खातं, चारा सोडतं. वासरं तर पटकन दगावतात. दुभती गाय असेल तर ते दुधातून आपल्या घरात येतं. म्हणून शिंगं साळायची ती गोठ्याबाहेर, खाली पोतं अंथरून, शिंग ओलं करून, आणि फक्त सुटलेलं तेवढंच काढायचं. अहमदपूरकडच्या एका घरात तर ऑइलपेंटच सोडून दिला आहे. त्या घरची आजी गेरू जवसाच्या तेलात खलून शिंगांना लावते. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाची माती, त्यात शिसं नसतं. पूर्वी हिंगूळ लावायचे, पण तो पाऱ्याचा दगड, तोही काही बरा नव्हे. गेरूचा रंग भडक येत नाही, तांबूस येतो, पावसात हळूहळू उतरतो. पुढच्या वर्षी खरवडायला काही उरतच नाही! पोरं नाराज होती, मिरवणुकीत आपले बैल फिके दिसतात म्हणून. आजी म्हणाली, ‘‘मंग झूल जराशी चमकीची घ्या की. शिंगं कामून चमकावी लागतात?’’

निघालेल्या रंगाचा चुरा उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचं खत होतं, खत शेतात जातं, शेतातून मेथी-कोथिंबीर आपल्या ताटात. चुऱ्यावर पाणी शिंपडून तो जाड पिशवीत बांधायचा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. शहरात घंटागाडीला वेगळी द्यायची, खेड्यात विहीर-ओढ्यापासून लांब, जनावरं उकरणार नाहीत अशी ठेवायची. जाळायची तर अजिबात नाही.

आमच्या गटानं या सगळ्यासाठी एक पिशवीच तयार केली आहे. दोन जोड जाड रबरी हातमोजे, स्प्रेची बाटली, दोन चश्मे, रंगाऱ्याची पट्टी, बांबूच्या काड्या, वॉटर पेपर, आणि जाड प्लॅस्टिकची एक मोठी शीट. मास्क ज्याचा त्यानं आणायचा. ज्या घरी काम असेल तिनं न्यायची, वापरून धुऊन परत आणायची, दहा रुपये डब्यात टाकायचे. पोळ्याच्या आधी तिला इतकी मागणी असते की वहीत नंबर लावावा लागतो. सध्या ती कंधारच्या एका मैत्रिणीकडं आहे. तिच्याकडं चार खिडक्या आणि एक पाळणा आहे, आणि सून सातव्या महिन्यात म्हणून तिला आठवडाभर माहेरी पाठवली आहे.